चाळीस नंबर म्हणजे किती?

पुरुषांच्या फॉर्मल शर्टच्या कॉलरमागे ४० असे छापलेले असते. बहुतेक गिऱ्हाइकांना वाटते, ही छाती असावी, इंचांत. प्रत्यक्षात अनेक कंपन्यांच्या फॉर्मल शर्टांवर ३८, ३९, ४०, ४२, ४४ हे आकडे गळ्याच्या घेराचे असतात आणि तेही सेंटिमीटरमध्ये. त्याच दुकानात दोन रॅक सोडून टांगलेल्या ब्लेझरवरचे ४० मात्र छातीचे आणि इंचांतले. पलीकडे बायकांच्या कुर्त्यावर ४० लिहिलेले असते, ते छातीचेच. पण अंगाच्या छातीचे की कुर्त्याच्या, हे लेबल सांगत नाही. एखादी कंपनी ४० इंच छातीच्या बाईसाठी बेतलेल्या कुर्त्यावर ४० लिहिते, म्हणजे अंगाभोवती हवी तेवढी सैल जागा धरून कुर्ता स्वतः ४२-४३ इंच भरतो. दुसरी कंपनी कुर्त्याचाच घेर ४० ठेवून तोच आकडा लावते, म्हणजे तो ३८ इंच छातीच्या बाईला नीट बसतो. ३२ नंबरच्या जीन्सच्या कमरेला टेप लावून पाहिली, तर ती अनेकदा ३४ इंचांच्या आसपास निघते. अक्षरांची तर गोष्टच वेगळी. एका कंपनीचा एम दुसरीचा एल असतो आणि कधी कधी एकाच कंपनीच्या टी-शर्टचा एम आणि कुर्त्याचा एम एकमेकांशी जुळत नाहीत.

या गोंधळाला आपण इतके सरावलो आहोत की दोष कपड्याचा आहे हे मनातही येत नाही. खांदा उतरला, पोटावरच्या बटणांमध्ये फट पडली, काखेत काचले, मांडीवर दाटले आणि कमरेत ढगळ झाले, की माणूस आधी स्वतःच्या अंगाकडे पाहतो. ‘माझे खांदेच अरुंद’, ‘मला कुठलाच तयार कपडा बसत नाही’ ही वाक्ये ट्रायल रूमबाहेर रोज ऐकू येतात. हे आत्मदूषण अनाठायी आहे. कपडा न बसण्याची कारणे तो बेतला कसा जातो यात आहेत आणि त्यावर लावलेला आकडा मुळात माप नसतो यात आहेत. पहिल्या गोष्टीला मर्यादा आहेत. तयार कपडा प्रत्येकाला चपखल बसेल अशी अपेक्षा कोणी करू नये. दुसरी गोष्ट मात्र उद्या सकाळी सुधारता येण्याजोगी आहे. एकच सर्वमान्य साइज शोधण्यात शक्ती घालवण्यापेक्षा प्रत्येक कपड्यावर त्याचे खरे माप लिहून घेण्याचा आग्रह आपण धरला पाहिजे.

आपल्याकडे ही अडचण तशी अलीकडची. साडी, धोतर, पंचा, उपरणे या न शिवलेल्या वस्त्रांना नंबर नसतो. लांबी असते, आणि तीच नेसणाऱ्याच्या अंगाशी जुळवून घेतली जाते. शिवलेला कपडा आला तो शिंप्याकडून. शिंपी छाती, कंबर, सीट, खांदा, मुंढा, बाही, उंची अशी मापे वहीत उतरवून घेई आणि त्या मापांना माणसाचे नाव असे. एकाचा डावा खांदा किंचित खाली असला, एखादीची पाठ थोडी वाकलेली असली, तर तो ते नजरेने टिपून कापड बेतताना सावरून घेई. शिवाय शिवणीत माया ठेवलेली असे. अंग भरले की उसवून दोन बोटे सैल करता येई. मुलांचे कपडे तर वाढत्या अंगाचेच शिवले जात. शिंप्याचे काम नेहमी चांगले होई असे नाही. तारखा चुकत, कापड कमी पडे, बाही आखूड होई. पण चूक झाली तर ती कोणत्या मापात झाली हे दोघांनाही कळत असे, कारण माप दोघांसमोर घेतलेले असे. तयार कपड्याने स्वस्ताई, वेग आणि निवड दिली. हे लाभ खरे आहेत आणि कोणीही ते परत करायला तयार होणार नाही. मात्र या व्यवहारात माप माणसाच्या नावावरून उठून कंपनीच्या दप्तरात गेले आणि गिऱ्हाइकाच्या हाती फक्त एक अक्षर उरले. मायाही गेली. कापड वाचवण्यासाठी कारखान्यातली शिलाई इतकी काठावरून मारलेली असते की आत घेता येते, बाहेर सोडता येत नाही.

कारखान्यात साइज कशी तयार होते, हे समजून घेतले की पुष्कळसे कोडे सुटते. आधी एका मधल्या साइजचा, बहुधा एमचा, नमुना तयार होतो. तो एका जिवंत माणसाच्या अंगावर घालून पाहिला जातो. त्यासाठी कंपनी एखादी मॉडेल ठरवते आणि ती कंपनीच्या मनातल्या गिऱ्हाइकाच्या जवळची असते. एका कंपनीचे मनातले गिऱ्हाईक कॉलेजातली सडपातळ मुलगी असेल, दुसरीचे चाळिशीतली नोकरदार बाई. दोघींच्या एममध्ये फरक पडणार तो इथेच. मग हा नमुना ठरावीक टप्प्यांनी मोठा-लहान केला जातो. याला ग्रेडिंग म्हणतात. एका साइजवरून दुसऱ्यावर जाताना छाती, कंबर आणि सीट साधारण दोन-दोन इंचांनी वाढवायची, खांदा आणि गळा त्याहून कमी. ही वाढ सरळ रेषेत जाते. माणसाचे अंग तसे वाढत नाही. वजन वाढले की पोट, दंड आणि मांड्या भरतात, पण खांद्याचे हाड रुंदावत नाही आणि हाताची लांबी वाढत नाही. म्हणून मधल्या साइजपासून जसजसे दूर जावे तसतसा कपडा बिघडत जातो. डबल एक्सएल शर्टचा खांदा दंडावर ओघळतो, बाही बोटांपर्यंत येते आणि तरीही पोटावर तो ताणलेलाच राहतो. जाड माणसाला कपडे शोभत नाहीत असे जे सर्रास म्हटले जाते, त्यातला मोठा वाटा या गणिताचा आहे. मोठ्या साइजसाठी मूळ नमुनाच वेगळा काढावा लागतो. त्याला खर्च आहे, म्हणून तो टाळला जातो. एस किंवा त्याखालच्या साइजला उलटा त्रास होतो. मुंढा इतका आक्रसतो की हात वर करता येत नाही.

पुढे कापणी. कापडाचे अनेक थर एकावर एक पसरून यंत्राने एकदम कापले जातात. थर जाड असेल आणि पाते जरा कलले, तर वरचा तुकडा आणि खालचा तुकडा सारखे येत नाहीत. होजियरीचे कापड ताणून पसरले आणि त्याला सैलावायला वेळ दिला नाही, तर कापल्यावर ते आखडते. डेनिम शिवून झाल्यावर धुतले जाते, आणि रंग व धुलाई बदलली की आकसही बदलतो. म्हणून एकाच कंपनीची, एकाच नंबरची काळी जीन्स निळीपेक्षा घट्ट वाटू शकते. या सगळ्यासाठी प्रत्येक मापाला काही सूट धरलेली असते. समजा छातीला अर्धा इंच कमी-अधिक चालेल असे ठरले. मग एक शर्ट अर्धा इंच कमी आणि दुसरा अर्धा इंच जास्त भरला तरी दोन्ही पास होतात. गिऱ्हाइकाच्या हातात मात्र इंचभर फरकाचे दोन ‘एम’ येतात. इथपर्यंतचा गोंधळ यंत्राचा आणि कापडाचा आहे. त्यात लबाडी नाही.

लबाडी येते ती नंबर बदलण्यात, आणि तिचा सर्वांत चांगला नोंदलेला इतिहास अमेरिकेचा आहे. तिथे १९३९-४० मध्ये कृषी खात्याच्या वतीने रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी सुमारे १५ हजार स्त्रियांची मोजणी केली. प्रत्येकीची ५९ मापे घेतली. बायकांचे कपडे टपालाने मागवण्याचा धंदा तेव्हा जोरात होता आणि न बसलेल्या कपड्यांच्या परतीने व्यापारी हैराण झाले होते. हा खटाटोप मोठा होता, पण त्यात पहिल्यापासून खोट होती. गोऱ्या स्त्रियांचीच मापे हिशेबात धरली गेली आणि मोजून घेण्याबद्दल थोडे पैसे मिळत असल्याने गरजू बायका अधिक संख्येने आल्या. त्या आकडेवारीत आणखी भर घालून १९५८ मध्ये राष्ट्रीय प्रमाण जाहीर झाले. त्यात नंबराबरोबर उंचीची आणि नितंबाच्या घेराची वेगळी खूण होती. कागदावर ते शहाणपणाचे होते. पण पाळण्याची सक्ती नव्हती, १९७० मध्ये ते बदलले गेले आणि १९८३ मध्ये सरकारने ते काढूनच घेतले. मधल्या काळात व्यापाऱ्यांना कळून चुकले होते की लहान नंबर अंगात शिरला की गिऱ्हाईक खूश होते. सीअर्स कंपनीच्या १९३७ च्या कॅटलॉगमध्ये ३२ इंच छातीच्या ड्रेसला १४ नंबर होता. १९६७ मध्ये तेवढ्याच छातीला ८ नंबर लागला आणि २०११ पर्यंत तो शून्यावर उतरला. छाती ३२ इंचांचीच राहिली आणि नंबर घसरत घसरत अर्थशून्य झाला. नंबराला कोणत्याही टेपचा आधार नसेल, तर तो असाच वाहत जातो.

यावरून काही लोक असा निष्कर्ष काढतात की सरकारने एक पक्के प्रमाण ठरवून ते सक्तीचे करावे. मागणी रास्त वाटते, पण तिच्या आड येणारी एक गोष्ट अमेरिकेच्याच हवाई दलाने शोधून ठेवली आहे. १९५० मध्ये तिथे हजारो वैमानिकांची मोजणी झाली, आणि गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने १९५२ च्या अहवालात त्यातल्या ४,०६३ वैमानिकांची १० मापे तपासली. उंची, छाती, बाहीची लांबी अशा प्रत्येक मापात मधल्या साधारण ३० टक्क्यांत येणारा तो ‘सरासरी’, अशी सढळ व्याख्या त्याने केली. दहाही मापांत सरासरी असलेला एकही वैमानिक निघाला नाही. नुसती तीन मापे घेतली तरी सरासरीत बसणारे साडेतीन टक्क्यांहून कमी होते. हे सगळे निवडून घेतलेले, एका वयोगटातले, धडधाकट पुरुष होते. रस्त्यावरच्या माणसांत हा विस्कळीतपणा किती असेल याची यावरून कल्पना यावी. मधल्या माणसासाठी विमानाची बैठक बेतली की ती कोणालाच बसत नाही, हे कळल्यावर हवाई दलाने मागे-पुढे सरकणाऱ्या बैठकीचा आग्रह धरला. कपड्याला सरकती बैठक नसते. लायक्राने ती थोडीफार दिली. १९५८ मध्ये ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी शोधलेला हा ताणला जाणारा धागा आज जीन्सपासून ब्लाउजपर्यंत सगळीकडे आहे आणि ‘फ्री साइज’ लेगिंगचा सगळा व्यापार त्यावर उभा आहे. पण ताणलेला कपडा आणि बसलेला कपडा यांत फरक आहे. खांदा, गळा आणि मुंढा चुकला असेल तर धाग्याचा ताण तो दुरुस्त करू शकत नाही.

भारतात तर आणखी एक अडचण आहे. आपले साइजचे तक्ते पुष्कळसे परदेशी तक्त्यांवरून घेतलेले आहेत. लेबलावर यूके १०, यूएस ६, ईयू ३८ असे आकडे ओळीने छापलेले दिसतात. भारताचा असा आकडा त्यात नसतो. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास आहे. नेदरलँड्ससारख्या देशातली स्त्री तिच्यापेक्षा साधारण १५ सेंटिमीटरने उंच असते. म्हणून आपल्याकडे पँट घेतली की तळ कापून घेणे हा खरेदीचाच एक भाग होऊन बसला आहे, आणि तळ कापला की गुडघ्याचा आकार खाली सरकतो याकडे कोणी पाहत नाही. फरक नुसता उंचीचा नाही, ठेवणीचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, तोच, २२.३. शरीरातल्या चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय अंगात चरबी अधिक आणि ती मुख्यतः पोटाभोवती असते, हे याज्ञिक यांचे संशोधन मधुमेहासंबंधी आहे. कपड्यांशी त्याचा संबंध उघड आहे. हातपाय सडपातळ आणि मध्यभाग भरलेला अशा अंगाला परदेशी प्रमाणातला शर्ट कमरेत नेमका बसवायला जावे, तर तो खांद्यात ढगळ होणारच.

ही उणीव भरून काढण्यासाठी वस्त्रोद्योग मंत्रालयाने निफ्ट या फॅशन-शिक्षणाच्या सरकारी संस्थेमार्फत ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प हाती घेतला. मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद, शिलाँग अशा देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या सहा शहरांत मिळून १५ ते ६५ वयोगटातल्या २५ हजार स्त्री-पुरुषांची त्रिमितीय स्कॅनरने मोजणी करायची आणि त्यातून भारतीय तक्ता तयार करायचा, अशी ती योजना. अंगाला टेप न लावता काही सेकंदांत मापे निघतात. प्रकल्पाच्या निवेदनांत तयार कपड्यांच्या परतीचे प्रमाण २० ते ४० टक्के सांगितले होते आणि त्याचे मुख्य कारण कपडा न बसणे हे होते. हे काम फार आधी व्हायला हवे होते. त्यातून कंपन्यांच्या नमुना-विभागाला खरा आधार मिळेल, आणि मराठवाड्यातल्या, ईशान्येतल्या, पंजाबातल्या माणसांचे प्रमाण एकसारखे नाही हे कागदावर येईल. तरीही एवढ्याने लेबलावरचा गोंधळ मिटेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. स्पेनच्या आरोग्य मंत्रालयाने २००७-०८ मध्ये १०,४१५ स्त्रियांची मोजणी करून घेतली, तेव्हा तीन ढोबळ ठेवणी हाती आल्या: दंडगोलासारखी, डमरूसारखी आणि घंटेसारखी. म्हणजे एकाच छातीच्या तीन बायकांना तीन वेगळ्या बेताचे कपडे हवेत. कोणताही दुकानदार प्रत्येक साइज तीन ठेवणींत आणि तीन उंचींत भरून ठेवणार नाही. चांगला तक्ता कपडा अधिक लोकांना बसेल इतके करील. आपल्या हातातला कपडा आपल्याला बसेल का, हे तो सांगू शकत नाही. ते सांगायचे तर त्या कपड्याचे माप कळले पाहिजे.

माप न कळण्याची किंमत कोण मोजते? सर्वांत आधी गिऱ्हाईक. तीन साइज मागवून दोन परत करणे, ट्रायल रूमच्या रांगेत उभे राहणे, नव्या कपड्यावर लगेच आल्टरचे पैसे घालणे. ज्यांना दुकानात जाणे कठीण आहे अशा वृद्धांना, अपंगांना, छोट्या गावातून मोबाइलवर कपडे मागवणाऱ्यांना हा भुर्दंड जास्त. परत गेलेला प्रत्येक कपडा पुन्हा गाडीत चढतो, तपासला जातो, इस्त्री होतो, नव्या पिशवीत जातो. काही पुन्हा विक्रीला येतच नाहीत. हा खर्च शेवटी कपड्याच्या किमतीतच मिसळलेला असतो, म्हणजे परत न करणाराही तो भरतो. पैशांपलीकडची किंमत त्याहून वाईट आहे. वयात येणाऱ्या मुलीच्या हाती एका दुकानात एम आणि दुसऱ्यात एक्सएल येतो, तेव्हा तिला आपल्या अंगाबद्दल जे वाटते ते एका निरर्थक अक्षरामुळे वाटते. कामाच्या ठिकाणी तर प्रश्न सुरक्षिततेचा होतो. पुरुषी मापाचा कोट, हातमोजे किंवा संरक्षक जाकीट बाईला दिले की बाही यंत्रात अडकू शकते आणि मोज्यातून पकड सुटते.

आता आक्षेप. फॅशनचा व्यवसाय करणारे म्हणतील, कपडा किती सैल, किती घट्ट ठेवायचा हा डिझाइनरचा अधिकार आहे. त्याला मापात बांधू नका. या अधिकाराला कोणी हात लावत नाही. मुद्दाम ढगळ ठेवलेल्या शर्टची छाती ४८ इंच असेल तर ४८ लिहावी. अंगालगतच्या शर्टची ४० असेल तर ४०. माप लिहिल्याने डिझाइन बदलत नाही, उलट डिझाइनरने काय योजले आहे ते गिऱ्हाइकाला आधी कळते. दुसरे म्हणतील, लोकांना लहान नंबरच आवडतो, सेंटिमीटर वाचून कोणी आनंदित होणार नाही. काही लोकांना तो आवडतो हे खरे. पण फसवणुकीतून मिळालेल्या समाधानासाठी बाकी सगळ्यांनी अंदाजाने खरेदी करावी हा न्याय नव्हे, आणि अक्षर काढून टाका अशी मागणीही नाही. एम खुशाल राहू द्या, त्याच्याखाली माप छापा. तिसरा आक्षेप तंत्रज्ञानवाल्यांचा: मोबाइल आता फोटोवरून किंवा आधीच्या खरेदीवरून तुमची साइज सुचवतो, मग लेबल कशाला? सुचवणारे यंत्र तेवढेच अचूक असते जेवढी त्याला दिलेली कपड्याची मापे. सध्या विक्रीच्या पानांवरचे पुष्कळ तक्ते कंपनीचा सर्वसाधारण तक्ता असतात. त्या विशिष्ट कुर्त्याची मापे त्यात नसतात. शिवाय दुकानात उभ्या असलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप लहान उत्पादकांचा आहे. उल्हासनगरात जीन्स शिवणारे, सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे छोटे कारखानदार आधीच बारीक नफ्यावर चालतात. त्यांच्यावर आणखी एक नियम लादायचा का? या काळजीला मान द्यायला हवा. पण यात नवे काम किती आहे तेही पाहावे. ज्या कारखान्यात एकाच नमुन्याचे शेकडो नग निघतात, तिथे मापांचा कागद असल्यावाचून कापणीच होत नाही. कटिंग मास्टरच्या टेबलावर तो असतो, तपासणाऱ्याच्या हातात टेप असते. परदेशी खरेदीदारासाठी माल शिवताना प्रत्येक साइजची छाती, कंबर, उंची, बाही आणि त्यांतली चालणारी सूट लेखी ठरवून घेतली जाते आणि माप चुकले तर माल नाकारला जातो. म्हणजे आपले कारखाने हे काम दुसऱ्यांच्या गिऱ्हाइकांसाठी रोज करतात. माहिती कारखान्यात तयारच आहे. ती दारापर्यंत येते आणि तिथे अडते. ती लेबलावर उतरवायला दोन ओळींची छपाई लागते. गणवेशाच्या बाबतीत तर याचा फायदा विक्रेत्यालाही आहे, कारण जून महिन्यात मुलाला सोबत न आणता पालक घरी माप घेऊन येऊ शकतील.

शिंप्याकडे नेऊन दुरुस्त करून घ्या, असेही सांगितले जाते. शिंपी कंबर आत घेऊ शकतो, तळ कापू शकतो, बाही आखूड करू शकतो. खांदा आणि मुंढा दुरुस्त करायचा तर कपडा जवळजवळ नव्याने शिवावा लागतो, आणि माया नसल्याने घट्ट कपडा सैल करणे त्याच्याही हातात नसते. नेमके यासाठीच खरेदीआधी खांद्याचे माप ठाऊक असणे महत्त्वाचे: जे दुरुस्त होत नाही ते आधी जुळवावे, बाकीचे शिंप्यावर सोडावे.

या मागणीचा निम्मा भाग आपल्या कायद्यात आलेलाही आहे. सुटे, उघडे विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांना २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने वेष्टित वस्तूंच्या वैधमापन नियमांतल्या काही तपशिलांतून सूट दिली. पण चार गोष्टी छापणे आवश्यक ठेवले. उत्पादकाचे किंवा विक्रेत्याचे नाव आणि वर्णन, ग्राहक-सेवेचा ईमेल व फोन, कमाल किंमत, आणि चौथी गोष्ट साइज. ही साइज एस, एम, एल अशा प्रचलित खुणांनी तर द्यायचीच, शिवाय सेंटिमीटर किंवा मीटरमध्ये द्यायची. म्हणूनच अलीकडच्या लेबलांवर अक्षराशेजारी सेंटिमीटरचा आकडा दिसतो. पळवाट त्याच्या पुढे आहे. तो आकडा कशाचा, हे लिहिलेले नसते. १०० सेंमी म्हणजे छाती, कंबर की उंची? छाती असेल तर अंगाची की कपड्याची? कपड्याची असेल तर धुतल्यानंतरची की आधीची? युरोपच्या ईएन १३४०२ या प्रमाणात माणसाची छोटी आकृती काढून, कोणते माप कुठले हे तिच्यावर दाखवण्याची पद्धत सुचवली आहे. अर्जेंटिनाने २०१९ मध्ये साइजविषयी राष्ट्रीय कायदा करून देशातल्या लोकांच्या मोजणीवर आधारलेली एकच पद्धत लागू करण्याचे ठरवले. आपल्याला एवढे दूर जाण्याची गरज नाही. असलेल्या नियमात एक वाक्य वाढवले तरी पुरे: वरच्या कपड्यावर छाती, खांदा आणि उंची, खालच्यावर कंबर, सीट आणि आतल्या शिवणीची लांबी, ही सगळी तयार कपड्याची सपाट मोजलेली मापे, आणि त्याशेजारी तो किती छातीच्या किंवा कमरेच्या माणसासाठी बेतला आहे तो आकडा.

घरात नीट बसणारा एक शर्ट टेबलावर पसरून मोजला, की अशा लेबलावरून कोणताही शर्ट कोणत्याही दुकानात, कोणत्याही पानावर ताडून पाहता येईल. आणि लेबल खोटे निघाले तर? महाराष्ट्रात वैधमापन यंत्रणेचे निरीक्षक दुकानांतले तराजू आणि पंपांवरचे पेट्रोल तपासतात. किलोच्या पिशवीत साखर कमी भरली तर तो गुन्हा ठरतो आणि त्याबद्दल कोणाला शंका नसते. शंभर सेंटिमीटर छापून ९४ सेंटिमीटरचा शर्ट विकणे वेगळे मानण्याचे कारण नाही, आणि ते पकडायला दीड मीटरची टेप पुरते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आजही आहे. तिथे ‘एम मोठा निघाला’ अशी तक्रार करता येत नाही, कारण एमला मोजायचे कशाने? ‘छापलेल्या मापापेक्षा सहा सेंटिमीटर कमी’ अशी तक्रार मात्र नोंदवता येईल, तपासता येईल आणि सिद्धही करता येईल.